लिंबाराम मोठा की प्रथमेश?

मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने कंपाउंड तिरंदाजीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं. प्रथमेशचं वय तेव्हा १९. श्लोसर जगात पहिल्या क्रमांकावर होता. २०१५ साली फ्रान्समधल्या नीम इथे ६० बाणांत ६०० पैकी ६०० गुण मिळवणारा तो पहिला तिरंदाज. अशा माणसाला जिल्ह्याच्या गावातला पोरगा हरवतो म्हटल्यावर जी चर्चा व्हायची ती झालीच: भारताचा आजवरचा सगळ्यात मोठा तिरंदाज कोण? जुनी मंडळी लिंबारामचं नाव घेतात, नव्यांना ते नाव ठाऊकच नसतं. गावसकर की तेंडुलकर, या वादावर आपण मराठी माणसांनी आयुष्याच्या कितीतरी संध्याकाळी खर्ची घातल्या आहेत, तेव्हा हा वादही आपल्याला परका नाही. फरक इतकाच, की क्रिकेटमध्ये खेळपट्टी, गोलंदाज, हेल्मेट अशा शंभर सबबी निघतात. तिरंदाजीत समोर फक्त एक टार्गेट असतं आणि त्यावर छापलेले आकडे. म्हणजे इथे तरी निकाल सरळ लागायला हवा. माझं म्हणणं असं, की दोन काळांतले खेळाडू तोलताना जिथे आकडा सर्वात स्वच्छ दिसतो, तिथेच तो सर्वात जास्त फसवतो.

हे उदाहरण पाहा. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबातून आलेल्या लिंबारामने १९९२ साली बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण मिळवून त्या वेळच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. टक्केवारी काढली तर ९९.४. शांघायला प्रथमेशची टक्केवारी ९९.३. कागदावर दोघे जवळपास सारखे, आणि ही बरोबरी पूर्णपणे निरर्थक आहे. लिंबारामच्या हातात रिकर्व्ह धनुष्य होतं आणि त्या फेरीत ३६ बाण होते. प्रथमेशच्या हातात कंपाउंड होतं, अंतर ५० मीटर आणि बाण १५. दोघांचा खेळ एकाच संघटनेच्या छत्राखाली चालतो, एवढंच त्यांच्यात समान आहे म्हटलं तरी चालेल.

यावर लगेच कुणी म्हणेल, धनुष्य कोणतंही असो, दहाचं वर्तुळ ते दहाचंच. तसं नाही. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन याला १९६९ साली ज्याचं पेटंट मिळालं, त्या कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी पूर्ण ओढली की ही चाकं भार स्वतःवर घेतात. ओढताना २५ किलोच्या आसपास जोर लागला, तरी नेम धरून उभं राहताना हातावर त्याचा पाव-एक हिस्साच उरतो. शिवाय दोरी बोटांनी सोडायची नसते, त्यासाठी हातात रिलीज नावाचं साधन असतं. नेम धरायला भिंग असतं आणि धनुष्य कललं तर सांगायला पाण्याचा बुडबुडा. रिकर्व्हवाल्याला यातलं काही मिळत नाही. सगळा भार तीन बोटांवर पेलत त्याला उभं राहावं लागतं आणि बोटं सुटताना केसभर हलली की बाण सातात जातो. तेव्हा गुणफलकावरचा आकडा हा धनुष्य आणि माणूस यांची बेरीज असतो. त्यातून माणूस वेगळा काढणं हेच खरं काम.

मग कंपाउंडमध्ये सगळं यंत्रच करतं का? हा आक्षेप रिकर्व्हवाले हमखास घेतात, आणि तो मला अर्धाच पटतो. यंत्र प्रतिस्पर्ध्याकडेही तेच असतं. सगळ्यांच्या हातात इतकं अचूक साधन आलं की दहा मिळवणं ही किमान पात्रता होऊन बसते आणि एक नऊ पडला की सामना जातो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतल्या एर्मोसियो इथे विश्वचषकाच्या अंतिम टप्प्यात प्रथमेशने उपांत्य फेरीत श्लोसरला पुन्हा हरवलं, यावेळी १५०-१४९. म्हणजे श्लोसरने पंधरापैकी चौदा बाण दहात मारले आणि तो बाहेर गेला. पुढे अंतिम सामन्यात डेन्मार्कच्या मॅथियास फुलर्टनबरोबर १४८-१४८ अशी बरोबरी झाली. शूट-ऑफच्या एकेका बाणात दोघांनाही दहा मिळाले, पण फुलर्टनचा बाण केंद्राच्या अधिक जवळ होता, म्हणून प्रथमेशला रौप्य. ५० मीटरवरचं ते दहाचं वर्तुळ अवघं ८ सेंटिमीटर व्यासाचं असतं. जेतेपद त्या आठ सेंटिमीटरच्या आत ठरलं. आकडा छताला टेकला की तो मोठा-लहान सांगू शकत नाही. मग कुणाला, कुठे आणि कोणत्या बाणावर हरवलं हेच पाहावं लागतं.

काळांची तुलना करायची तर माझ्या मते सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे दोन्ही काळांत खेळलेला माणूस. लिंबारामच्या काळापर्यंत पोचणारा नाही, पण कंपाउंडपुरता आपल्याकडे तो आहे: दिल्लीचा अभिषेक वर्मा. २०१४ साली इंचॉनला आशियाई क्रीडा स्पर्धांत कंपाउंड पहिल्यांदा आलं. तेव्हा वर्मा २५ वर्षांचा होता. अंतिम सामन्यात इराणच्या इस्माइल इबादीने त्याला १४५-१४१ असं हरवलं. नऊ वर्षांनी हांगझोऊला ३४ वर्षांचा वर्मा पुन्हा अंतिम सामन्यात पोचला आणि नागपूरच्या ओजस देवतळेकडून १४९-१४७ असा हरला. २०२३ मध्ये ज्या गुणांवर रौप्य मिळालं, त्या गुणांवर २०१४ मध्ये सुवर्ण मिळालं असतं. सांघिक अंतिम सामन्यांतही हेच दिसतं, आणि तिन्ही वेळा समोर दक्षिण कोरियाच होता. इंचॉनला भारत २२७, कोरिया २२५. २०१८ साली जकार्ताला २२९-२२९ अशी बरोबरी आणि शूट-ऑफनंतर भारताला रौप्य. हांगझोऊला वर्मा, देवतळे आणि जावकर या तिघांनी २४ बाणांत २३५ गुण मिळवले, कोरियाला २३० वर थांबावं लागलं. त्या तिघांतले दोघे विदर्भातले, हे जाता जाता सांगून टाकतो.

वारा, ऊन, मैदान वेगवेगळं होतं, त्याचं काय, असं विचारणारा बरोबरच विचारतो. म्हणूनच २२७ आणि २३५ यांची वजाबाकी करून आठ गुणांची प्रगती झाली असं म्हणणं घाईचं ठरेल. पण वारा दोन्ही संघांना सारखाच असतो. तेव्हा गुण बाजूला ठेवून अंतर पाहावं. भारत २०१४ मध्ये दोन गुणांनी पुढे होता, २०१८ मध्ये शून्यावर, २०२३ मध्ये पाच गुणांनी पुढे. समकालीनांपासूनचं हे अंतर एका काळातून दुसऱ्या काळात नेता येतं, नुसते गुण नेता येत नाहीत.

बास्केटबॉलवाल्यांना हे फार पूर्वीच कळलं होतं. एनबीएच्या १९६१-६२ च्या मोसमात विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण काढले, त्यातल्या एका सामन्यात तर १००. तरीही त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली बिल रसेलची, आणि मत देणारे होते स्वतः खेळाडू. ज्यांना दोघांविरुद्ध रोज घाम गाळावा लागत होता, त्यांनी आकड्याला भुलायचं नाकारलं. रसेलच्या नावावर १३ मोसमांत ११ विजेतेपदं आहेत. त्यावर आक्षेप असा, की तेव्हा बहुतेक काळ लीगमध्ये आठ-नऊच संघ होते, आज तीस आहेत. समकालीनांपासूनचं अंतर मोजण्यातली खरी मेख हीच: स्पर्धा उथळ असेल तर अंतर आपोआप वाढतं. त्याला उत्तर म्हणून पुन्हा दुवा ठरणारा खेळाडू शोधावा. करीम अब्दुल-जब्बार चेंबरलेनविरुद्ध खेळला आणि मायकल जॉर्डनविरुद्धही. १९६९ ते १९८९ अशा वीस मोसमांत त्याच्यासारखा माणूस टिकतो, तेव्हा त्याच्या सुरुवातीचा काळ अगदीच कच्चा होता असं म्हणवत नाही.

आता लिंबारामकडे येऊ. त्याच्या काळी भारतात स्पर्धा उथळ होती हे खरंच आहे. देशात त्याच्या आसपास पोचणारं फारसं कुणी नव्हतं. पण बीजिंगचं मैदान उथळ नव्हतं, तिथे कोरिया होता, चीन होता. आणि उथळपणाची दुसरी बाजू आपण विसरतो: ज्याला सरावात तोडीस तोड कुणी मिळत नाही, त्याला स्वतःलाच वाढवत न्यावं लागतं. प्रथमेशच्या पिढीला ती अडचण आली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी दोघंही वैयक्तिक विश्वविजेते झाले. एकाच राज्यात, एकाच वर्षी, अशी तीन माणसं. या दाटीची किंमतही प्रथमेशने मोजली. हांगझोऊला वैयक्तिक बाद फेरीत एका देशाचे दोघंच जाऊ शकत होते आणि त्या दोन जागा देवतळे आणि वर्मा यांच्याकडे गेल्या. जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला हरवणाऱ्या तिरंदाजाच्या नावापुढे त्या स्पर्धेचं वैयक्तिक पदक नाही, याचं कारण पदकतालिकेत कुठेही लिहिलेलं नसतं.

मग निकाल काय? हरवलेल्या प्रतिस्पर्ध्याची उंची पाहिली तर २०२३ चा प्रथमेश वरचढ आहे. श्लोसरला एका वर्षात दोनदा नमवणं हे कोणत्याही काळात मोठंच. पण मोठेपणात टिकणंही येतं. १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन ऑलिंपिकं लिंबारामने अशा धनुष्याने खेळली जे कुणालाच माफ करत नाही. म्हणून आजच्या घडीला माझं मत लिंबारामला. प्रथमेशपुढे अजून बरीच वर्षं आहेत आणि ते बदलायला मला आनंदच वाटेल.

ते बदलण्यासाठी ऑलिंपिक पदकांकडे पाहू नये, एवढी विनंती. कंपाउंड ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा येणार ते २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला, आणि तेही फक्त मिश्र सांघिक प्रकारात. एका देशाचा एकच पुरुष तिथे नेम धरेल. आणि बुलढाण्यापासून साताऱ्यापर्यंत मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना एक सांगणं: प्रमाणपत्रं भिंतीवर राहू द्या, पण प्रत्येक सामन्याचा गुणतक्ता जपून ठेवा. त्यात अंतर, धनुष्य, वारा आणि समोर कोण होतं हेही लिहा. तीस वर्षांनी हाच वाद पुन्हा निघेल, तेव्हा पुराव्याला तेच कागद लागतील.