नागोबाला आयतं बीळ

‘आयत्या बिळात नागोबा’ ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. पण नागोबाचा त्यात काही दोष नाही. नागाला किंवा धामणीला बीळ खणताच येत नाही. उंदराचं बीळ, जुनं वारूळ, पडक्या भिंतीची फट, जिथे ओल, ऊब आणि अंधार सापडेल तिथे मादी अंडी घालते. पिंजऱ्यात हे आयतं बीळ माणसाने द्यावं लागतं.

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्याहून सिद्धार्थ उद्यान काही लांब नाही. महापालिकेच्या तिथल्या प्राणिसंग्रहालयात सापही आहेत. कुठल्याही सर्पालयाच्या काचेपुढे तक्रार एकच ऐकू येते: साप दिसतच नाही! अंड्यावर आलेल्या मादीला मात्र कोणाला दिसायचंच नसतं. माझ्या मते अशा वेळी प्रेक्षकांनी रिकामी काच बघून पुढे जावं.

घोणस, फुरसं, मांडूळ थेट पिल्लंच देतात. नाग, मण्यार, धामण, तस्कर, दिवड आणि अजगर यांची मात्र सोय बघावी लागते. दिवस भरत आले की मादी खाणं सोडते, कात टाकते आणि पिंजऱ्याचे कोपरे हुंगत अस्वस्थ फिरते. जागा मिळाली नाही, तर पाण्याच्या भांड्यातही अंडी घालते. ती बुडून वाया जातात. काही वेळा अंडी पोटातच अडकतात आणि मादी दगावते.

सोय तशी साधी आहे. झाकणाचा अपारदर्शक डबा किंवा आडवा ठेवलेला माठ, मादी जेमतेम शिरेल एवढं भोक, आणि वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना टेकेल एवढीच आतली जागा. ऐसपैस खोली तिला नको असते. तळाला ओलसर कोकोपीट किंवा शेवाळ घालायचं. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. मराठवाड्याच्या मे महिन्यात ही ओल टिकवणं हीच खरी परीक्षा. सापाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं मऊ असतं. कोरड्या हवेत ते चिमतं, फार ओलीत त्याला बुरशी लागते.

अंडी हलवावी लागलीच, तर वरची बाजू वरच राहायला हवी. कोंबडी अंडी उलटीपालटी करते. इथे तसं केलं तर आतला जीव मरू शकतो. चिकटलेली अंडी ओढून सुटी करायची नाहीत. नागाच्या अंड्यांना साधारण २८ ते ३० अंश तापमानात दोनेक महिने लागतात.

अजगराची मादी अंडी उबवण्याचं काम स्वतः करते. १८४१ मध्ये पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांनी अंड्यांभोवती वेटोळं घातलेल्या मादीचं तापमान मोजलं, ते भोवतालच्या हवेपेक्षा जास्त भरलं. स्नायू थरथरवून ती ऊब निर्माण करते. नागराजाची मादी तर अंगाने पालापाचोळा ओढून चक्क घरटं रचते. तिच्या पिंजऱ्यात बांबूचा पाला भरपूर टाकावा.

हे घरी करून बघायचं मात्र नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार हे साप पाळणं गुन्हा आहे. सर्पमित्राने पकडलेली नागीण बरणीत अंडी घालते, असंही घडतं. तेव्हा वनविभागाला कळवून ती अंडी जाणत्या हाती द्यावीत.

पिल्लू वरच्या जबड्याच्या टोकाशी असलेल्या दाताने कवच चिरतं आणि बऱ्याचदा दिवसभर नुसतं डोकं बाहेर काढून बसतं. नागाचं पिल्लू पहिल्या क्षणापासून विषारी असतं. त्यामुळे उबवणीच्या डब्याला हवेसाठी भोकं हवीत, पण सुईएवढी, आणि झाकण घट्ट.