करुणेस मुकण्याचा अधिकार

सावंतवाडीहून बांद्यास जातांना वाटेंत इन्सुली लागते. सोहिरोबानाथ आंबिये (जन्म १७१४) यांच्या चरित्रांतील प्रसिद्ध प्रसंग तेथलाच सांगतात. बांद्याचें कुळकर्ण सांभाळणारा हा गृहस्थ राजाच्या बोलावण्यावरून वाडीस निघाला असतां वाटेंत झऱ्याकांठीं फणस फोडून बसला. इतक्यांत एका अवधूतानें हांक मारून कांहीं खावयास मागितलें. सोहिरोबांनीं गरे पुढें केले, आणि तेथेंच त्यांस गहिनीनाथांचा अनुग्रह झाला, अशी आख्यायिका आहे. पुढें कुळकर्ण सुटलें, साधना सुरू झाली, मनुष्य पालटला.

आख्यायिकेनें क्रम कसा ठेवला आहे, तो पाहावा. गरे आधीं, अनुग्रह मागून. भुकेल्याची हांक ज्यास ऐकूं आली, त्यासच पालट लाभला.

आतां मनुष्यस्वभाव बदलण्याचीं साधनें निराळीं होऊं लागलीं आहेत. अमेरिकेंतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१६ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल घेतलेल्या मंडळींस दुसऱ्याची वेदना कांहींशी कमी जाणवली. (तापाची ही गोळी कोणत्या घरच्या फडताळांत नसते?) एवढ्यावरून सिद्धांत बांधूं नये, हें खरें, आणि गोळीचा अंमल कांहीं तासांत उतरतोही.

परंतु उद्यां मुद्दाम तसेंच औषध निघालें तर? रोग्यांचे हाल पाहून खचलेली परिचारिका तें मागेल, आणि तिला नको म्हणणें आम्हांस जड जाईल. तिचें मन तिनें बदललें, यांत इतरांचें काय गेलें, असें कोणी विचारील. गेलें तें खाटेवरील रोग्याचें. शिवाय ज्याची करुणा गेली, त्यास ती गेल्याची चुटपुटही लागत नाहीं. कारण बदल बरा कीं वाईट, याचा निवाडा करणारें मनच बदललेलें असतें. तेव्हां त्याची एकट्याची साक्ष पुरेशी नव्हे. त्याच्या घरच्यांस विचारलें पाहिजे.

आमच्या उपासास निदान पारणें असतें. चीनमधील हे जियानकुई या संशोधकानें मात्र भ्रूणांच्या जनुकांतच फेरफार केला, आणि त्यांतून जुळ्या मुली जन्मल्याचें २०१८ सालीं जाहीर केलें. हेतु रोगापासून रक्षणाचा होता, स्वभाव पालटण्याचा नव्हता. तरीहि २०१९ सालीं त्यास तीन वर्षांची कैद झाली. फेरफार करणारा एक, आणि तो जन्मभर अंगीं वागवणाऱ्या त्या दोघी. त्यांस कोणी विचारलें नव्हतें, आणि विचारणें शक्यहि नव्हतें.