जुन्या जीपला नवे ब्रेक

कडा हे आष्टी तालुक्यातले, अहिल्यानगर–आष्टी–जामखेड रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. अशा गावांत जुन्या जीपचा मान अजून टिकून आहे. शेताची वाट असो की लग्नाचे वऱ्हाड, जीप नाही म्हणत नाही. तक्रार मात्र एकच, ब्रेक हवा तसा लागत नाही. मग कुणीतरी सल्ला देतो, "अहो, पुढच्या चाकांना बोलेरोचे कॅलिपर टाका, गाडी जागच्या जागी उभी राहील." हा सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. राहिलेला अर्धा आज समजून घेऊ, कारण गाडीतल्या आठदहा माणसांचा जीव त्यावर असतो.

आधी जुना ब्रेक पाहू. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपला चारी चाकांना ड्रमचे ब्रेक होते. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत या जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे कितीतरी वर्षे तीच रीत चालली. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी डबे. त्याच्या आत दोन अर्धगोल ब्रेक शू असतात, त्यांवर लायनर असते. पायडल दाबले की शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. यात एक गंमत आहे. फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो, त्यामुळे तो आणखी घट्ट बसतो. दाराखाली पाचर अडकली आणि दार ढकलले, की पाचर जशी अधिकच रुतते, तसेच हे. म्हणजे ड्रम आपल्या पायाला थोडी फुकटची मदत करतो.

पण ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर सरकतो. नदीनाल्यातून गाडी काढली तर आत पाणी राहते. करंजीच्या किंवा मांजरसुंब्याच्या घाटात भरलेली गाडी उतरवताना पाय खाली जातो आणि गाडी मात्र ऐकत नाही, ते यामुळे.

डिस्क ब्रेकची तऱ्हा निराळी. सायकलच्या रिमला दोन बाजूंनी रबरे चिमटा घेतात ना, तसेच ते. चाकाबरोबर एक उघडी लोखंडी थाळी फिरते आणि तिला चिमटा घेणारा पंजा म्हणजे कॅलिपर. थाळी उघडी असल्यामुळे वाऱ्याने लवकर निवते, पाणी झटकून टाकते. इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी 1902 सालीच या कल्पनेचे पेटंट घेतले होते. 1953 साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वार गाडीने डिस्क ब्रेक लावून जिंकली आणि मग जगाचे लक्ष तिकडे गेले.

आता कॅलिपर बदलला की काय होते, ते एका हिशेबाने पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, आपण पायडलवर 20 किलोचा जोर दिला. पायडलच्या तरफेने तो पाचपट होऊन मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर 100 किलो पडला. त्या दट्ट्याचे क्षेत्रफळ 4 चौरस सेंटिमीटर असेल, तर ब्रेक ऑइलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 25 किलो दाब तयार होतो. कोंडलेल्या द्रवात हा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम. कॅलिपरचा दट्ट्या 20 चौरस सेंटिमीटरचा असला तर तिथे 500 किलो जोर मिळेल, 25 चा असला तर 625. वा! सव्वापट फायदा झाला.

पण फुकट काही मिळत नाही. मोठा दट्ट्या तितकाच सरकवायला तेलही सव्वापट लागते. ते मास्टर सिलिंडरनेच द्यायचे, म्हणजे पायडल अधिक खाली जाणार. जुना मास्टर सिलिंडर लहान पडला तर पाय फळीला टेकेल आणि ब्रेक अपुराच लागेल. म्हणून मोठा मास्टर बसवावा, तर दाब कमी होतो आणि पायाला जोर अधिक लागतो. शिवाय मघाशी सांगितलेली पाचरीची मदत डिस्कला नाही. ती भरून काढायला बूस्टर लागतो. बूस्टर निर्वातावर चालतो. पेट्रोल इंजिन तो आपल्या शोषणातून देते, डिझेल इंजिनाला त्यासाठी वेगळा पंप लागतो. पाहा, एक कॅलिपर बदलायला निघालो आणि तीन वस्तू मागे आल्या.

चौथी गोष्ट बारीक, पण घातक. ड्रमच्या पुष्कळ जुन्या मास्टर सिलिंडरांत थोडा दाब नळीत धरून ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिली तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात, थाळी तापते आणि तेल उकळते.

पाचवी गोष्ट तोलाची. उतारावर बैलगाडीचे ओझे बैलांच्या मानेवर येते, हे आपल्याला माहीत आहे. ब्रेक मारला की जीपचे ओझेही असेच पुढच्या चाकांवर येते. म्हणून पुढे ब्रेक जास्त आणि मागे कमी, असा हिशेब कारखान्यात बसवलेला असतो. पुढे भलताच जोर वाढवला तर पुढची चाके लवकर जाम होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. मागची चाके आधी जाम झाली तर गाडी गरकन फिरते. शेवटी गाडी थांबवतो तो टायर आणि रस्ता. गुळगुळीत टायरवर कोणताही कॅलिपर शहाणा ठरत नाही.

म्हणून माझे सांगणे असे की खर्च क्रमाने करा. आधी आहे तोच ब्रेक नीट करा. ड्रम, लायनर, रबरी वॉशर, होज पाहा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. डॉट 3 जातीच्या तेलाचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शिरल्यावर तो 140 पर्यंतही उतरू शकतो. तेव्हा तेल ठरल्या वेळी बदला आणि हवा पूर्ण काढून घ्या. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते, तेव्हा ती भुकटी तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. अगदी जुन्या जीपमध्ये चारी चाकांना तेलाचा मार्ग एकच असतो. एक नळी फुटली की सारे ब्रेक गेले. तिथे दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवणे, ही मोठ्या कॅलिपरपेक्षा मोलाची सुधारणा.

एवढे करूनही डिस्क हवीच असेल, तर सुटे भाग भंगारातून गोळा करू नका. आपल्याच मॉडेलसाठी केलेला पुरा संच जाणत्या मिस्त्रीकडून बसवा. कॅलिपर धरणारी पट्टी घरगुती वेल्डिंगची नको. चाक फिरवून रिम घासत नाही ना, स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून होज ताणत नाही ना, हे पाहा. मग मोकळ्या मैदानात, कमी वेगात परीक्षा घ्या. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचे अंतर चौपट होते, हे लक्षात असू द्या. कायदाही विसरू नका. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये वाहनातील फेरफारांवर बंधने आहेत. काम करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्या.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे सारे वर्गात दाखवता येते. सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज घ्या, एक 5 मिलिलिटरची, एक 20 ची. पाणी भरून नळीने जोडा. लहान सिरिंज मुलाच्या हाती द्या आणि मोठी दुसऱ्याच्या. लहान दट्ट्या तीन सेंटिमीटर दाबला तर मोठा जेमतेम सेंटिमीटरभर सरकेल, पण त्याला अडवताना पोराची दमछाक होईल. मग नळीत हवेचा बुडबुडा ठेवून दाबायला सांगा. बुडबुडाच दबेल आणि दट्ट्या ढिला लागेल. घाटात पाय का खाली जातो, ते मुलांना कधी विसरायचे नाही.

ब्रेक म्हणजे पायापासून रस्त्यापर्यंतची साखळी. एक कडी जाड केली म्हणून साखळी मजबूत होत नाही. सगळ्या कड्या पारखा आणि मगच गाडीत माणसे बसवा.