लोणचं हात लागल्यानं नासत नाही

श्रावणात बरणीचं फडकं सोडलं आणि लोणच्यावर पांढरा थर दिसला, की आमच्या यवतमाळकडच्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला: ‘कोनाचा हात लागला वं बरणीले?’ मग नजरा वळतात त्या घरातल्या मुलीकडे नाहीतर सुनेकडे. मी बारा-तेरा वर्षांची असताना अशा नजरेखाली उभी राहिले आहे. पाळीचे चार दिवस मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसवलं होतं, तरी लोणचं नासलं ते माझी सावली पडल्यामुळे, असं ठरलं. त्या वर्षी फोडी बाजेवर पांढऱ्या धोतरावर पसरल्या होत्या. मृगाचा पहिला शिरवा आला, सगळ्यांची पळापळ झाली, बाज कशीबशी आत ओढली आणि फोडी तशाच ओलसर बरणीत गेल्या. हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण दोष द्यायला पावसापेक्षा मुलगी सोपी असते.

लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबटपणा यांच्या जोरावर. मीठ फोडीतलं पाणी ओढून बाहेर काढतं आणि उरलेलं पाणी असं बांधून ठेवतं, की बुरशीला आणि जिवाणूंना ते वापरता येत नाही. कैरीच्या आंबटपणामुळे बहुतेक जंतूंचा निभाव लागत नाही. यातलं एक जरी कमी पडलं किंवा बाहेरचं पाणी आत गेलं, तर लोणचं बिघडतं. ओल्या फोडी, नीट न वाळलेली बरणी, जेवताना घातलेला ओला चमचा ही खरी कारणं आहेत. पाळीच्या दिवसांत बाईच्या हातातून, घामातून किंवा सावलीतून असं काहीही निघत नाही, जे मिठात आणि आंबटात टिकून लोणचं नासवेल. हात स्वच्छ धुऊन कोरडे केलेले असावेत, एवढंच. हा नियम बाईला आहे तसाच पुरुषालाही आहे, आणि महिन्याच्या तिसही दिवसांना आहे.

ही समजूत फक्त आपल्याच आजीची आहे असंही नाही. घटसर्पाच्या चाचणीमुळे नावाजलेले व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ बेला शिक यांनी १९२० मध्ये मांडलं होतं, की पाळी आलेल्या बाईच्या हातात फुलं कोमेजतात, म्हणजे तिच्या शरीरात त्या दिवसांत काही विष तयार होत असावं. त्यांनी त्याला ‘मेनोटॉक्सिन’ असं भारदस्त नावही दिलं. पुढे ते विष विज्ञानात टिकलं नाही. एवढ्या शिकलेल्या माणसाची चूक विज्ञानानं दुरुस्त केली, आपल्या घरात मात्र ती अजून दुरुस्त व्हायची आहे, याचं मला वाईट वाटतं.

आता मिठाचं. ‘मीठ हातानं अंदाजानंच घालायचं असतं’ हे ज्या बाईनं चाळीस वर्षं लोणचं घातलं तिच्यासाठी खरं आहे, कारण तिच्या मुठीला वजन ठाऊक असतं. बाकीच्यांनी काटा वापरावा. किलोभर फोडींना आपल्याकडे दोनशे ते अडीचशे ग्रॅम मीठ घालतात, आणि ते उगाच नाही. खाऱ्या पाण्यात मुरवलेल्या लोणच्यात निदान १२ टक्के मीठ असावं, असं आपल्या देशातलं अन्नमानकही सांगतं. रक्तदाबामुळे मीठ कमी करायचं असेल, तर अवश्य करावं. मात्र ते लोणचं पाव किलोचं घालावं, फ्रिजमध्ये ठेवावं आणि पंधरा दिवसांत संपवावं. कमी मिठाची बरणी फडताळात ठेवून वर्षभर टिकेल अशी आशा धरू नये. कमी साखरेच्या मुरंब्याचं आणि साखरआंब्याचंही तेच. तिथं साखर मिठाचं काम करत असते.

तेलाबद्दलचा गैरसमज जास्त गंभीर आहे. ‘तेलात बुडालं म्हणजे टिकलं’ असं आपण धरून चालतो. तेल जंतू मारत नाही, ते फक्त हवा अडवतं. बुरशीला हवा लागते, म्हणून फोडींवर बोटभर तेल असावं, हे बरोबर. पण काही जिवाणूंना हवा नसलेलीच जागा मानवते. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा त्यातला सर्वांत वाईट. त्याचे बीजाणू मातीत असतात, म्हणून जमिनीखाली वाढणाऱ्या लसणावरही असू शकतात. आंबटपणा पुरेसा असेल, म्हणजे पीएच ४.६ च्या खाली असेल, तर तो वाढत नाही. कैरीच्या लोणच्यात तो वाढत नाही ते त्यामुळे. लसणाचं लोणचं लिंबाच्या भरपूर रसात मुरवतात त्यातही हेच शहाणपण आहे. पण नुसता सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर महिनाभर ठेवणं धोक्याचं आहे. तिथं हा जिवाणू विष तयार करू शकतो. त्या विषाला वास नसतो, चव नसते, आणि ते मज्जातंतूंवर घाला घालतं. असं लसणाचं तेल करायचंच असेल तर थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

आणि तो पांढरा थर? पातळ, सपाट, सुरकुतलेला असेल तर तो बहुधा यीस्टचा असतो. तो स्वतः फारसा विषारी नसतो, पण लोणच्यातली आंबट आम्लं खातो आणि दुसऱ्या जंतूंना वाट करून देतो. केसाळ, हिरवा किंवा काळा असेल तर ती बुरशी. ‘वरचं काढून टाका, खालचं चांगलं आहे’ हे इथं चालत नाही, कारण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या खाली गेलेले असतात. बरणीभर लोणचं फेकताना जीव तुटतो, हे मला माहीत आहे. तरी फेकावं.

वाळवणाचं गणित लोणच्यासारखंच पाण्याचं आहे. तीन दिवस भिजवलेल्या, रोज पाणी बदललेल्या गव्हाचा चीक काढून, हिंग-मीठ घालून शिजवून, पहाटे गच्चीवर कुरडया घालायच्या, म्हणजे अर्धं घर कामाला लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की दुपारपर्यंत कुरडई कडक होते आणि आपण म्हणतो, वाळली. पण एवढ्या कडक उन्हात वरची साल आधी आवळते आणि आतलं पाणी आतच कोंडतं. म्हणून कुरडई उलटावी, आणखी दोन-तीन उन्हं द्यावी आणि डब्यात भरण्याआधी एक मधोमध मोडून पाहावी. कट्कन आवाज आला पाहिजे. वाकली किंवा मधला वळसा बोटाला चामट लागला तर ती पावसाळ्यात बुरसणारच. ‘उन्हानं जंतू मरतात’ यावरही विसंबू नये. वाळवल्यानं जंतूंची वाढ थांबते, ते संपत नाहीत. आषाढात डबा उघडा राहिला की वाळवण हवेतलं पाणी पुन्हा ओढून घेतं आणि थांबलेलं काम पुढे सुरू होतं.

याच उन्हाळ्यात भाताची काळजी लोणच्याहून जास्त घ्यायला हवी. दुपारचा भात संध्याकाळपर्यंत ओट्यावर, मग रात्री फ्रिजमध्ये, सकाळी फोडणीचा भात. ‘परतला की सगळं मरतं’ असं आपण समजतो. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि एक विष तयार करतात. ते विष फोडणीच्या आचेनंही जात नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात आणि आपण म्हणतो, ऊन लागलं. उरलेला भात परातीत पसरून निववावा आणि अशा हवेत तासाभराच्या आत फ्रिजमध्ये जावा. ‘गरम ठेवलं तर फ्रिज बिघडतो’ म्हणून चार तास थांबण्यापेक्षा उथळ डब्यात कोमट भात ठेवणं कितीतरी बरं. वीज गेली तर दार न उघडता फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. त्या वेळात आत डोकावू नये.

केकबद्दल थोडक्यात. कुकरची रिंग आणि शिट्टी काढून, तळाशी मीठ पसरून रव्याचा केक छान होतो. तो बसला की मुली पुढच्या वेळी सोडा वाढवतात. खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर एक नव्हे. सोड्याला फुगायला दही किंवा लिंबू लागतं, आणि त्याचा जोर पावडरीच्या तिप्पट-चौपट असतो. जास्त झाला तर केकला साबणाची चव येते.

सोयाबीन आपल्या जिल्ह्यात शेतोशेती आहे, म्हणून पौष्टिक म्हणून ते कच्चंच गव्हात दळून आणतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. दाणे उकळत्या पाण्यात पंचवीस-तीस मिनिटं ठेवून, वाळवून, मग नऊ किलो गव्हाला एक किलो या मापानं दळावे.

शेवटी तुरीची डाळ. ती तुरीच्या मुलखातच शिजत नाही, आणि बोलणी नव्या सुनेला बसतात. ‘मीठ आधी घातलंस म्हणून’ हे तर हमखास ऐकवतात. मिठानं डाळ अडत नाही, उलट भिजवताना मीठ घातलं तर ती मऊ पडते. अडवतं ते आंबट. अंबाडीची भाजी डाळ घालून करताना डाळ पूर्ण गळू द्यावी, अंबाडी मागाहून घालावी. दुसरं कारण बोअरचं जड पाणी. त्यातला चुना डाळीच्या पेशी जोडून ठेवणारा पेक्टिन घट्ट करतो. चिमूटभर सोड्यानं डाळ गळते खरी, पण तिच्यातलं ब१ जीवनसत्त्व त्यात जातं. रात्री भिजवणं आणि नळाचं पाणी वापरणं हा चांगला उपाय.

पांढरकवडा, झरी जामणी भागातल्या काही बोअरच्या पाण्यात चुन्यापेक्षा मोठी अडचण आहे, फ्लोराइडची. ‘उकळून घेतलं की पाणी शुद्ध’ हे जंतूंपुरतं खरं आहे. फ्लोराइड उकळून उडत नाही. वाफ निघून पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं, की मुलांचे दात डागाळतात आणि मोठ्यांची हाडं, सांधे आखडतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासता येतं. तपासात फ्लोराइड जास्त निघालं, तर प्यायला दुसरं पाणी आणि स्वयंपाकाला तेच, असं करू नये. डाळ आणि भात शिजताना ते पाणी पिऊनच फुगतात.