पाण्याखालचं आंबेगाव

दोस्तांनो, आज घरातल्या मोठ्यांना एक कोडं घाला. चारी बाजूंनी पाणी असलं की त्या जमिनीला आपण बेट म्हणतो. पण चारी बाजूंनी पाणी आणि वर डोक्यावरही पाणी, असं गाव कोणतं? गंमत म्हणजे अख्खा तालुका अजून त्याच गावाचं नाव लावतो!

हरले ना? उत्तर आहे आंबेगाव.

पुणे जिल्ह्यात जुन्नरला लागूनच आंबेगाव तालुका आहे. तिथली तालुक्याची कचेरी घोडेगावात, मोठी बाजारपेठ मंचरला. मग मूळचं आंबेगाव कुठंय? ते आहे डिंभे धरणाच्या पोटात.

घोड नदी सह्याद्रीत आहुप्याच्या बाजूला उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत येते. तिच्याच काठी हे गाव होतं. जुन्नरच्या नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण तुम्ही पाहिला असेल, निदान चित्रात तरी. तशीच कोकणात उतरणारी आणखी एक वाट म्हणजे आहुपे घाट. या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांना बाजारहाटाला जवळचं गाव आंबेगाव. हिरड्याच्या झाडांचा हा मुलूख. महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशा आदिवासींची इथे जुनी वस्ती आहे.

पुढे कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही त्यातली पाच धरणं. डिंभ्याच्या भिंतीमागे पाणी चढत गेलं तसं घरं, शेतं, देवळं, पायवाटा सगळं बुडालं. एकट्या आंबेगावचं नव्हे, आजूबाजूच्या गावांचंही. या धरणात साडेतेरा टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,800 कोटी लिटर. करा आता गुणाकार!

एवढं पाणी जातं कुठे? डाव्या कालव्याने ते जुन्नर तालुक्यातल्या येडगाव धरणात येतं. तिथून पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत. म्हणजे गाव बुडालं डोंगरातल्यांचं आणि ऊस पिकला दूरच्या शिवारात. मला तर हा हिशेब काही केल्या सरळ वाटत नाही. तुम्ही भूगोलाच्या तासाला बाईंना विचारून बघा, चांगला वाद होईल!

पण डोंगरातली माणसं हात जोडून बसली नाहीत बरं का. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाची गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यात पीक घेण्यासाठी ती झगडली. पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेली ही माणसं होडी वल्हवायला आणि जाळं टाकायला शिकली, त्यांनी मच्छीमारांची संस्था काढली. त्यांच्या सोबतीने काम करणाऱ्या 'शाश्वत' या संस्थेला 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

या जलाशयाचं नाव आहे हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणीत काम करायचे. 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी कापडाच्या ट्रकपुढे ते आडवे झाले, पण ट्रक काही थांबला नाही. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं 22.

आता सांगतो जायचं कसं. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर लागतं. तिथून भीमाशंकरच्या वाटेने घोडेगाव आणि मग डिंभे. पुढे पोखरीच्या घाटात गाडी जरा थांबवायला सांगा. खाली पाणी पसरलेलं असतं आणि डोंगराच्या सोंडा त्यात शिरलेल्या दिसतात. पावसाळ्यानंतर गेलात तर निळंशार पाणी दिसेल, पण गाव दिसणार नाही. गाव बघायचं असेल तर मे महिन्यात जा. पाणी पुरेसं खाली गेलेलं असलं की जुन्या आंबेगावचे दगडी अवशेष उघडे पडतात. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय मात्र खाली उतरू नका. वरून वाळलेला दिसणारा गाळ फसवा असतो, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. आणि तिथला दगड खिशात घालून आणू नका हं! तो कुणाच्या तरी उंबऱ्याचा असेल.

येताना घोडेगावात चहाला थांबाल, तेव्हा तहसील कचेरीवरची पाटी वाचा. गाव घोडेगाव, पण पाटीवर नाव आंबेगावचं!