नवी भूमिका आणि कर्तव्य : एपिक्टेटस व सिगालोवाद सुत्त

पुत्र पिता होतो, कारकून अधिकारी होतो, अधिकारी निवृत्त होतो. व्यक्ती तीच राहते. तिचे कर्तव्य मात्र बदलते. हे नवे कर्तव्य ओळखावे कसे, याचा रोमन साम्राज्यातील स्टोइक तत्त्वज्ञांनी कसून विचार केला.

त्यांपैकी एपिक्टेटस हा एकेकाळी गुलाम होता. मुक्त झाल्यावर त्याने ग्रीसमधील निकोपोलिस येथे अध्यापन केले. त्याची प्रवचने शिष्य एरियन याने टिपून ठेवली. त्याच्या मते पुत्र, बंधू, नागरिक या नावांतच त्या त्या भूमिकेचे कर्तव्य दडलेले असते. पिता दुष्ट असला तरी पुत्राचे कर्तव्य संपत नाही, कारण दुसऱ्याचे वर्तन आपल्या अधीन नसते, आपले असते. पद गेल्याने खचणाऱ्यास हा विचार खरोखर आधार देतो.

परंतु हाच एपिक्टेटस माणसाला नटाची उपमा देतो. भूमिका नाटककार ठरवितो. नटाने ती उत्तम वठवावी, इतकेच. येथे आपण थबकले पाहिजे. जन्माने लादलेली भूमिका निमूटपणे वठविण्याचा उपदेश या देशाने शतकानुशतके ऐकला आहे, आणि दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखोंनी ती भूमिकाच नाकारली. न्याय म्हणून सांगावयाचे तर सर्व स्टोइकांचे मत असे नव्हते. पनेटियसच्या आधारे सिसेरोने माणसाच्या चार भूमिका सांगितल्या. त्यांतील चौथी माणूस स्वतः निवडतो.

सिगालोवाद सुत्ताचा प्रसंगही भूमिकापालटाचाच आहे. पित्याच्या मृत्यूनंतर गृहपतिपुत्र सिगाल, पित्याने सांगितले म्हणून, राजगृहाबाहेर ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत असतो. तथागत त्याला विधी सुधारून देत नाहीत. दिशांचा अर्थच बदलतात. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण आचार्य, पश्चिम पत्नी व मुले, उत्तर मित्र, अधोदिशा दास व कामगार, ऊर्ध्वदिशा श्रमण-ब्राह्मण.

आणि प्रत्येक दिशेला कर्तव्य दोन्ही बाजूंनी आहे. एपिक्टेटसच्या विवेचनात भर पडतो तो एकट्या कर्त्यावर. सुत्तात स्वामीलाही पाच कर्तव्ये नेमून दिली आहेत. सेवकाला शक्तीनुसार काम, अन्न व वेतन, आजारात शुश्रूषा, विशेष पदार्थांत वाटा आणि वेळेवर रजा. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात उपासकांच्या विनयामध्ये स्वामी-सेवकांचा हा भाग समाविष्ट केला आहे.