गोळीचा हिशेब

चित्रपटात गोळी लागलेला माणूस चार हात मागे फेकला जातो. ते पाहून एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, ‘एवढीशी गोळी माणसाला उडवते कशी?’ खरे तर ती उडवत नाही. मग ती करते तरी काय? हे समजून घेण्यासाठी आम्ही आफ्रिकेतील माळरानाचे उदाहरण घेत आहोत. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. नामिबिया, दक्षिण आफ्रिका या देशांत मात्र ती परवान्याने चालते. शिकार करावी की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. पण केलीच, तर प्राणी तडफडत राहू नये, एवढी जबाबदारी शिकाऱ्यावर येतेच. आणि तिथे गोळीची निवड हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न बनतो.

पहिला हिशेब संवेगाचा. ‘३०-०६’ या प्रचलित काडतुसातील एक गोळी ११.७ ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने बाहेर पडते. वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे तिचा संवेग ९.६ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. वेगवान गोलंदाजाचा १६० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला ४० मीटर जातो; त्याचा संवेग ६.४. म्हणजे गोळीचा संवेग चेंडूच्या अवघा दीडपट! ही गोळी २४० किलोच्या कुडू नराच्या शरीरात रुतून बसली, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला फक्त ४ सेंटिमीटर. शिवाय बंदुकीलाही निदान तेवढाच संवेग उलट दिशेने मिळतो. शिकारी कुठे उडून पडतो?

दुसरा हिशेब गतिज ऊर्जेचा. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे चेंडूची ऊर्जा १२८ ज्यूल, तर गोळीची सुमारे ३,९३० ज्यूल, म्हणजे तीसपट भरते. नामिबियाचे नियमही ज्यूलची भाषा बोलतात. नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा स्प्रिंगबॉकसारख्या लहान प्राण्यासाठी किमान १,३५० आणि कुडू किंवा ईलंडसाठी किमान २,७०० ज्यूल हवी.

पण ऊर्जा किती, एवढ्याने भागत नाही. ती कुठे खर्च होते, हेही पाहावे लागते. प्राणी लवकर मरतो तो हृदय-फुप्फुसे फाटून रक्तस्राव झाल्याने. समजा, कठीण टोकाची गोळी आकार न बदलता आरपार गेली आणि बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला ६०० मीटर उरला. गणित केल्यास दिसेल, की निम्म्याहून अधिक ऊर्जा पलीकडच्या मातीत गेली. याउलट गोळी फार मऊ असेल, तर खांद्याच्या हाडावरच तिचे तुकडे होतात, जखम उथळ राहते आणि जखमी प्राणी झुडपांत पळून जातो.

म्हणून शिकारीची गोळी आत शिरल्यावर अळंबीसारखी पसरावी लागते. व्यास दुप्पट झाला, की समोरचे क्षेत्रफळ चौपट होते, रोध वाढतो आणि ऊर्जा शरीरातच खर्च होते. अशा पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात बंदी घातली. शिकारीत मात्र त्याच योग्य ठरतात. युद्धात जखम अकारण भीषण होऊ नये, शिकारीत मरण लांबू नये, हे त्यामागचे तर्क.

पसरणे आणि खोल जाणे या गुणांचा मेळ घालणे सोपे नसते. १९४६मध्ये कॅनडात मूस या अवाढव्य हरणावर झाडलेल्या गोळ्या खोलवर जाईनात, तेव्हा जॉन नॉसलर या अमेरिकी शिकाऱ्याने दोन कप्प्यांची गोळी बनवली. मध्ये तांब्याच्या मिश्रधातूची भिंत; पुढचे शिसे पसरते, मागचे शाबूत राहून पुढे ढकलत राहते. पस्तीसएक किलोच्या स्प्रिंगबॉकला लवकर पसरणारी गोळी पुरते. पाचसहाशे किलोच्या ईलंडला जड व चिवट गोळी लागते. एकाच फेरीत दोन्ही भेटण्याची शक्यता असेल, तर निवड मोठ्या प्राण्याकडे पाहून करावी लागते.

तिसरा हिशेब वस्तुमानाचा, आणि तो सहसा विसरला जातो. समजा, ११.७ ग्रॅमपैकी ८ ग्रॅमची गोळी परत सापडली. उरलेले ३.७ ग्रॅम कुठे गेले? क्ष-किरण चित्रांत शिशाचे बारीक कण जखमेभोवती दूरवर विखुरलेले दिसतात. शिकारी मांस नेतात, आतडी माळावर टाकतात आणि ती गिधाडे खातात. त्यांच्या जठरातील तीव्र आम्लात शिसे विरघळून रक्तात मिसळते. बोट्स्वानात पांढऱ्या पाठीच्या ५६६ गिधाडांचे रक्त तपासले गेले. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ३० टक्के पक्ष्यांत शिशाचे प्रमाण वाढलेले होते, आणि शिकारीच्या हंगामात व शिकारीच्या क्षेत्रांत ते अधिक होते. आपल्याकडची गिधाडे डायक्लोफिनॅक या गुरांच्या औषधाने संपत आली, हे आपण जाणतोच. आफ्रिकेतील गिधाडांपुढील अनेक संकटांत शिसे हे एक आहे.

यावर उपाय आहे. संपूर्ण तांब्याची गोळी पसरते, पण तिचे तुकडे फारसे होत नाहीत. मात्र तांब्याची घनता ८.९ आणि शिशाची ११.३. तेव्हा तेवढ्याच वजनाची आणि तेवढ्याच व्यासाची तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा लांब असणार की आखूड? आणि साधारण किती पट? हे गणित वर्गात जरूर द्यावे.